परत आलेली ताटं

पप्पा, तुमची धाकटी आता पोटासाठी इंग्रजी शब्दांचं स्पॅनिश करते, सावेडीच्या फ्लॅटमध्ये, आईच्या शेजारी बसून. या आठवड्यात देणाऱ्यांचे शब्द आलेत. उदार, सढळ हाताचा, उधळ्या. उधळ्याला स्पॅनिश माणसं मोडक्या हाताचा म्हणतात. प्रत्येक शब्दाखाली एक वाक्य द्यायचं असतं, आणि मला वाक्यात तुम्हीच दिसता. कुठल्या शब्दाखाली बसवायचं, तेवढंच ठरत नाही.

नेवाशाला नाताळात तुम्ही गल्लीभर फराळाची ताटं वाटायचात. आई स्टोव्हपुढे घामाघूम. "लेकरांना दोन करंज्या, आन गल्लीला ताटं भरून! मास्तर हाय का जहागीरदार?" तुम्ही हसत ताटावर विणलेला रुमाल टाकायचात आणि निघायचात. गल्लीनं 'गुरुजी दिलदार' म्हणावं म्हणून हा सगळा थाट, अशी मला तेव्हापासूनच शंका. त्यात ताट परत आलं की तुम्ही दारातच रुमाल उचलून बघणार. ताट रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर घालावी, ही रीत. ती कोणी पाळली नाही, याची तुम्ही झडती घेताय असं मला वाटे. एकदा विचारलंच, तर "दिलेल्याकडं वळून बघू नये" म्हणून मलाच दटावलंत. बघत तर तुम्हीच होतात! मग एका नाताळात दाराआडून मी पाहिलं. ताट रिकामं आलं होतं. तुम्ही सदऱ्याच्या खिशातून पुडी काढलीत, ताटात साखर ओतलीत आणि आत जाऊन आईला म्हणालात, "बघ, आठवणीनं घातली त्यांनी." तिला वाईट वाटू नये म्हणून, हे कळलं. तरी मेला संशय जाईना. तिचं मन राखायला, की पुढच्या वर्षीही तिनं तळावं म्हणून?

काल मी हे आईला सांगून टाकलं. लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "मला ठाव हुतं की. माझ्या डब्यातली साखर कमी व्हायची, मला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांना लई हौस. कशाला हिरमोड करायचा?"

उधळ्याच्या खाली तुमचं वाक्य लिहिलं, पप्पा. उदारच्या खाली आईचं. रागावू नका. तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, म्हणून सांगते. तिला सगळं ठाऊक होतं, हे तेव्हा तुम्हालाही ठाऊक असणार, असा मला दाट संशय आहे. आणि एवढा एक संशय मला फिटायला नको आहे.