उणे १.२

३ फेब्रुवारी

आलो एकदाचा! ट्रंक, दोन पिशव्या आणि मी, सगळे धड पोचलो. क्वार्टर लहान पण नेटकं आहे. एक खोली, ओटा, आणि खिडकीतून दिसणारं फुगे सोडायचं मैदान. नळाला पाणीही आहे, म्हणजे नशीब जोरावर.

हवामान केंद्रात माणसं मोजून तीन. आमच्या प्रमुख, त्यांना सगळे साहेबबाई म्हणतात. फुगेकाका, जे तीस वर्षं रोज सकाळी फुगा सोडतायत. आणि आजपासून मी. फुग्याखाली एक छोटं यंत्र लोंबतं आणि वर जाताना हवेचं तापमान खाली कळवत राहतं. फुगा फुटला की यंत्र छोट्या छत्रीने खाली उतरतं. तेच तापमान वरून उपग्रहही मोजतो, आणि दोघांचं काही पटत नाही. कोण चुकतंय ते शोधून नोंदींचा मेळ घालायचा, हे माझं काम. साहेबबाई म्हणाल्या, नवराबायकोचं भांडण मिटवण्यातलाच प्रकार आहे. मी हसलो. बायको मला मोजपट्टी म्हणायची, आणि सध्या ती तिच्या आईकडे राहते, हे काही सांगितलं नाही.

चिमणीचे कॅनव्हासचे बूट खिडकीत ठेवले. आमची लेक. सहा वर्षांची होती. आठ महिने झाले. नाड्यांची गाठ तिनेच मारलेली आहे, सशाच्या दोन कानांसारखी, एक कान लांब आणि एक आखूड. ती गाठ मी सोडणार नाही.

६ फेब्रुवारी

काम छान लागलंय. उपग्रह लांबून एकदम चार-पाच किलोमीटर जाडीच्या हवेची सरासरी घेतो. फुगा मात्र पायरीपायरीला हात लावून जातो. पण उन्हात यंत्र तापतं आणि जरा जास्तच दाखवतं, म्हणून आकडा कमी करून घ्यावा लागतो. फुगेकाकांना हे सांगितलं तर ते फुरंगटले. म्हणाले, माझं यंत्र तिथे स्वतः जाऊन येतं, तुमचा उपग्रह नुसता लांबून डोकावतो.

दोरा बांधायची त्यांची तऱ्हा बघण्यासारखी आहे. थुंकी लावून एकच करकचून गाठ मारतात. मग फुग्याला सांगतात, जा बाबा, सांभाळून जा.

९ फेब्रुवारी

फरक सापडला. अठरा किलोमीटरवर एक पातळ थर आहे. तिथे फुगा रोज १.२ अंश जास्त दाखवतो. इतका पातळ थर उपग्रहाच्या सरासरीत बुडून जातो, त्यामुळे त्याला तो दिसतच नाही. सुरुवात बारा जूनपासून.

बारा जूनला चिमणी गेली. योगायोग असणार. 

१३ फेब्रुवारी

साहेबबाई म्हणाल्या, यंत्राची खोड दिसतेय, वजा करून टाका. उपग्रह नवा आहे, तोच बरोबर धरायचा. मी सगळ्या नोंदींना उणे १.२ लावलं. आलेखावरचा उंचवटा गेला, रेघ गुळगुळीत झाली. काम चोख झालं.

 पूर्वीही एकदा हाच आकडा वजा केला होता मी.

१४ फेब्रुवारी

आजचा फुगा. थर अकरा किलोमीटरवर आलाय. आजूबाजूला उणे पन्नास अंश. थरात अधिक ४०.४.

फुगेकाका म्हणाले, यंत्र बिघडलंय. दुसऱ्या खोक्यातलं नवं काढून परत सोडलं. ४०.४.

१७ फेब्रुवारी

शेतात पडलेलं कालचं यंत्र एका गुराख्याने आणून दिलं. फुगेकाकांनी त्याचा दोरा उलटसुलट करून पाहिला, मग मला विचारलं की दोऱ्याला हात तुम्ही लावलात का. त्यांची करकचून मारलेली गाठ गेली होती. तिथे सशाचे दोन कान होते. एक लांब, एक आखूड.

मी हो म्हणालो. खोटं बोललो. खोलीत येऊन पोटभर रडलो.

२० फेब्रुवारी

थर सात किलोमीटरवर. आता लिहूनच टाकतो.

घरी दोन थर्मामीटर होते, एक काचेचा आणि एक नवा बटणाचा. दोघांत फरक यायचा. माझ्यासारख्या माणसाला ते कसं चालेल! कोमट पाण्यात दोन्ही बुडवून तपासले आणि काचेच्या थर्मामीटरच्या डबीवर चिठ्ठी चिकटवली: उणे १.२. नवा तोच बरोबर धरला. चिमणी तापली त्या संध्याकाळी काचेच्याने ४०.४ सेल्सियस दाखवलं, म्हणजे जवळजवळ एकशे पाच ताप. बायको म्हणाली, उचल तिला, दवाखान्यात जाऊ. मी वजाबाकी केली. एकोणचाळीस पॉइंट दोनच आहे म्हणालो, औषध दिलंय, उतरेल, सकाळी बघू.

डॉक्टर म्हणाले, काल आणायला हवं होतं.

नव्याची बॅटरी उतरली होती, म्हणून तो कमी दाखवत होता. काचेचा बरोबर होता. पोरगीही सांगत होती, बाबा, खूप गरम होतंय. मी तिच्यावरही विश्वास ठेवला नाही.

२२ फेब्रुवारी

चार किलोमीटर. साहेबबाईंना शुक्रवारपर्यंत नोंदी साफ करून हव्यात, थर पुसून. मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, तुमची तब्येत बरी दिसत नाही. मी उणे १.२ सगळीकडून काढून टाकलं. आहे तसं राहू दे. चिमणी सांगतेय तेच खरं.

२३ फेब्रुवारी

आठ महिन्यांनी बायकोचा फोन आला. म्हणाली, काल स्वप्नात चिमणी जिना उतरत होती. तुझ्याकडे यायला. मी सगळं सांगितलं, थर, गाठ, आकडा. मला वाटलं, वेडा म्हणेल.  ती एवढंच म्हणाली, या वेळी सकाळपर्यंत थांबू नकोस.

२४ फेब्रुवारी

फुगा मैदानावरच, डोक्याएवढ्या उंचीला फुटला. फुगेकाकांचे तळहात पोळले. म्हणाले, वर कुणीतरी तापाने फणफणतंय. ते सामान बांधून निघाले. मलाही चला म्हणाले.

मी कसा जाऊ —

२५ फेब्रुवारी, सकाळ

छपराचे पत्रे तडतडतायत. बाहेर थंडी आहे. पेल्यातलं पाणी वाफाळतंय —

दुपार

बुटांच्या नाड्या सुटल्यात. मी हात लावला नव्हता. देवाशप्पथ —

फरशीवर ओली पावलं. लहान. दारापासून खाटेपर्यंत. वाळतात, परत उमटतात —

खाटेची कड दबलीय.

ट्रंकेतून काचेचा थर्मामीटर काढला. डबीवरची चिठ्ठी फाडली. पांघरुणाखाली धरला. ४०.४. काही वजा केलं नाही. ४१. चढतोय. चिमणे, बरोबर आहे तुझं. खूप गरम आहे. बाबाला कळलं —

हात भाजतोय. सोडणार नाही —

बूट घालतो तुला. गाठ मी मारतो. दवाखाना लांब नाही, उचलून नेतो. सकाळची वाट नाही बघायची. आत्ता, या क्षणी, मी तुला घेऊन