बाटलीवरचा हात

कोल्हापूर, मंगळवार, १४ ऑगस्ट १९७३

आज मी का थांबले? सकाळपासून तेच डोक्यात आहे.

लॅबमधून रक्ताची बाटली वॉर्डात नेली की राहेलसिस्टर तिच्यावर तळहात ठेवतात, डोळे मिटून येशूजवळ पेशंटसाठी मागतात. मी मुद्दाम डोळे उघडे ठेवून लेबल वाचते. एकदा विचारलं होतं, देव सांभाळतो तर मी रक्तगट जुळवते कशाला? त्या हसल्या. "त्यानंच तुमाला बसवलंय की हितं!"

आज त्या रजेवर. नव्या नर्सनं लेबल पाहून हात पुढे केला, आणि माझ्या हातून बाटली सुटेना.

"द्या की बाई, पेशंट थांबलाय!"

गट, नाव, नंबर, सगळं तपासलेलं होतं. तरी काहीतरी राहिलं होतं. मग माझाच तळहात बाटलीवर गेला. गार काच. शब्द एकही आला नाही. डोळे मात्र मिटले नाहीत, तेवढं जमलं.

पेशंट बरा आहे. त्यानं काही सिद्ध होत नाही.

आईला हे लिहिलं तर मी ख्रिस्ती होतेय असं समजून ती घराचं दार बंद करील. या खोलीत सांगायला कुणी नाही. तळहात अजून गार वाटतोय.

उद्या राहेलसिस्टर येतील, डोळे मिटतील. मी आधीच तपासलेल्या लेबलकडे बघेन. वाचणार मात्र नाही.