सुनेचा रक्तदाब

१८ नोव्हेंबर
आमची सून नामही पडली! घमेल्यावर वाकून किमचीच्या लोणच्यासाठी कोबीला मसाला भरत होती. मी म्हटलं, "हात चालव गं, कोबी काय जावई आहे गोंजारायला?" — तर एकदम पांढरीफटक. घामाने थबथबली, डोकं धरलं आणि आडवीच. दवाखान्यात दाब दोनशे दहा. अडतिसाव्या वर्षी! माझाही एवढा नाही.

१९ नोव्हेंबर
उरलेला कोबी मी एकटीनेच भरला. कंबर कामातून गेली.

२१ नोव्हेंबर
शेजारची ओकबुन कालवं द्यायला आली, म्हणजे बघायला आली. "कोंडलेल्या रागाचा आजार हो, ताई. सासूने इतकी वर्षं बोलून बोलून..." तोंडावर! म्हटलं, बोलून माणूस आजारी पडत असेल, तर तुझा नवरा अजून जिवंत कसा?
रात्री ह्योंगतेकही तेच. "आई, जरा कमी बोलत जा. मरेल ती." पोटचा मुलगा! भात तसाच राहिला.

२४ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंनी कॅन दिलाय. दिवसभराची लघवी त्यात साठवायची आणि कॅन फ्रिजमध्ये — किमचीच्या डब्याशेजारी! म्हटलं, आता काय काय मुरवायचं या घरात? नात हसली. नामही नाही.
"अंगातले हार्मोन मोजतात, आजी," बोराम म्हणाली. राग मोजता येतो का त्यात, विचारलं.

२९ नोव्हेंबर
पुन्हा झटका. बूट घालायला वाकली होती म्हणे. मी तेव्हा मासळीबाजारात होते! ह्योंगतेकला दोनदा सांगितलं.

४ डिसेंबर
निकाल आला. मूत्रपिंडाच्या वर एक लहानशी ग्रंथी असते, तिच्यात गाठ आहे. माणूस घाबरला की अंगात जो रस सुटतो, तो ही गाठ काही कारण नसताना सोडते. मग दाब चढतो. वाकलं की गाठ चेपते आणि आणखी सुटतो.
डॉक्टरीणबाईंना सगळ्यांसमोर विचारलं, "सासूच्या बोलण्याने होते का ही गाठ?"
"नाही हो, आजी."
"पुन्हा सांगा. मुलाला कमी ऐकू येतं."
घरी येऊन ओकबुनलाही फोन केला.
जेवताना आठवलं, डॉक्टरीणबाई पुढेही काही बोलल्या होत्या. आधी गोळ्यांनी दाब बसवायचा. गाठ काढताना रस उसळला, तर सून ऑपरेशनच्या टेबलावरच जाऊ शकते. तेव्हा नामही माझ्याकडे बघत होती. आणि मी खटला जिंकल्यासारखी बसले होते.

१९ डिसेंबर
ऑपरेशन. ह्योंगतेक बाकाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. मध्येच एक नर्स धावत आत गेली. दाब भडकला होता, ते मागाहून कळलं.
जगली.

२७ डिसेंबर
घरी आणली. दाब एकशे अठरा, एकही गोळी न घेता! कालवं घालून पेज केली. वाडगा चाटूनपुसून संपवला. "छान झाली, आई," म्हणाली. मीठ कमी होतं खरं तर.

१८ जानेवारी
सकाळी नामही समोर येऊन बसली. "आई, तुमच्याशी बोलायचं म्हटलं की छाती धडधडायची. वाटायचं, मीच भित्री. आता धडधडत नाही. मी इथे राहणार नाही."
आवाज जराही चढला नाही.
दाराशी तीन बॅगा होत्या. ह्योंगतेक गाडी काढायला गेला होता.