राजमती मगदूमची विहीर आणि तिच्या वारसांना घातलेल्या अटी

मी, राजमती आदगोंडा मगदूम, वय ब्याऐंशीच्या आसपास, राहणार गडमुडशिंगी, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर, कोणाच्या दडपणाशिवाय हे सांगत आहे आणि शेजारची क्रांती लिहून घेत आहे. डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्या धाकट्या मुलाला, जिनेशला विचारावे. त्याच्या बारशापासूनच्या सगळ्या लबाड्या मला पाठ आहेत. मला अक्षर येत नाही. क्रांती, बोलते तेवढंच लिही, वकिली घुसडू नको.

कलम १. राहते घर पतीने माझ्या नावे केले होते, ते थोरला मुलगा जयपाल यास देत आहे. मात्र अट आहे. संडास बांधताना देवघराला विटाळ नको म्हणून याने शोषखड्डा देवघरापासून लांब घेतला. लांब म्हणजे कुठे, तर विहिरीच्या कडेला! देव सोवळ्यात राहिला आणि आम्ही पीत राहिलो. नात अपूर्वा काविळीने अंथरुणाला खिळली, तपासणीत पाणी पिण्यास अयोग्य ठरले, तरी हा म्हणतो, "अव्वा, आपण गाळून पितो की!" अरे बाळा, गाळायच्या फडक्यात किडा अडकतो, संडास न्हाय अडकत. सदर खड्डा माझ्यामागे वर्षाच्या आत उपसून बंद करावा व घराच्या पलीकडच्या अंगाला, विहिरीपासून दूर नवा करावा. न केल्यास घर याच्या बायकोचे, म्हणजे सून त्रिशला हिचे. मग हा तिचा भाडेकरू.

कलम २. ओढ्याकडचे उसाचे रान जिनेश यास. औषध मारून झाल्यावर फवारणीचा पंप तो विहिरीच्या काठावर खळखळून धुतो, का तर तिथे बसायला कट्टा आहे. यापुढे पंप रानातच धुवावा. कट्टा हवा असल्यास रानात बांधून घ्यावा, सावलीला आंबा लावावा.

कलम ३. पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेले जीव ज्या विहिरीतून आले तिथेच परत सोडायची आम्हा जैनांची रीत आहे. त्यासाठीची बुडाला कडी असलेली, पाण्याला टेकताच अलगद उलटी होणारी तांब्याची कळशी त्रिशलेला देत आहे. या घाणीत जीव परत सोडताना अलीकडे मलाच त्यांची कीव येते. पाटल्याही तिलाच. जावांनी भांडू नये; धाकटीला माझी बोरमाळ आधीच पोचली आहे आणि ती ते सांगत नाही.

कलम ४. आता विहीर. ती बुजवून त्या जागी आपली मोटारगाडी उभी करायचा जयपालचा बेत आहे. "आता पाण्याचा जार येतोय की रोज, विहीर कशाला पायजे?" असे तो म्हणाला. म्हणून विहीर व तिच्याभोवतीची जागा मी कायमची त्रिशलेच्या नावे करते. जयपाल, बुजवायची तर आता बायकोला विचार. मी निदान तुला जेवायला तरी वाढत होते. दर उन्हाळ्यात दोन्ही भावांनी खाली उतरून गाळ काढावा, गडी लावून वर उभे राहू नये. वर्षाने पाणी पुन्हा तपासावे. चांगले निघाले, तर पहिला तांब्या जयपालने प्यावा. तोवर कोणी पिऊ नये, माझ्यामागे रडायला माणसे शिल्लक पाहिजेत.

कलम ५. शेजारी गणपतराव साक्षीला बसले आहेत. त्यांच्या गोठ्याचे धुवण उतारावरून आमच्याकडेच येते. हे ऐकून ते म्हणाले, "वहिनी, सही करू का घरला जाऊ?" सही करा, भावजी, आणि जाताना चर दुसरीकडे वळवा.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

अंगठा उमटवल्यावर शाई धुवायला मी सवयीने विहिरीवर निघाले. त्रिशलेने दंड धरून मागे फिरवले. "अव्वा, शाई आत उतरंल. मोरीत धुवा." माझ्याच विहिरीवरून मला हाकलले. हे पण लिही क्रांती, आणि खाली पुन्हा अंगठा घे.

राजमती आदगोंडा मगदूम, डाव्या हाताचा अंगठा (दोनदा)

साक्षीदार:
१. गणपतराव हंबीरराव चव्हाण (सही)
२. संयोगिता बाळासो माने (सही)

लिहून घेणार: क्रांती राजवीर शिंदे

गडमुडशिंगी, दि. ४ मे २०२५