साइड बीचं चौथं गाणं

९ जून
यूनुसभाई नांदेडहून न कळवता हजर. मेसच्या मुलींची पहिली पंगत बसलेली, कुकर शिट्टी द्यायला तयार नाही, आणि हे दारात उभे. म्हणाले, भाभी, आपली कॅसेट मेली नाही. मला आधी वाटलं, कुणी तरी आजारी आहे.

कॅसेट म्हणजे ‘पत्र्याखाली’. भूकंपानंतरच्या वर्षी हैदराबादेत जाऊन रेकॉर्ड केलेली. सर गिटारवर, यूनुसभाई ड्रमवर. (सर म्हणजे आमचे हे. आख्खं लातूर सर म्हणतं, मी रोजनिशीत तरी वेगळं काय लिहू?) रॉक म्हणजे काय हे तेव्हा इथं या दोघांनाच माहीत. ज्यांनी विकत घेतली त्यातल्या बऱ्याच जणांनी दुकानात परत आणून दिली, टेप खराब आहे म्हणून.

तर ती यूनुसभाईंनी आता कॉम्प्युटरवर उतरवून घेतलीय. पुण्याची एक कंपनी जुनी गाणी इंटरनेटवर विकते. ज्याला जे हवं ते त्यानं पैसे भरून उतरवून घ्यायचं. सुटं. सर क्लासवरून आले, उभ्या उभ्या ऐकलं, “सुटं काही विकायचं नाही” म्हणाले आणि हात धुवायला गेले. जेवताना विषय नाही. यूनुसभाई मुक्कामाला.

१० जून
सकाळी पोह्यांवर वाद. सरांचं म्हणणं, साइड ए म्हणजे भूकंपाची रात्र, साइड बी म्हणजे नंतरचे पत्र्याचे शेड. भिंत पहिल्या बाजूला पडते, पत्रा दुसऱ्या बाजूला येतो. भिंत पडायच्या आधी पत्रा कसा विकणार? घ्यायची तर सगळी घ्या, ओळीनं ऐका.

सर बोलतात तेव्हा पटतं, हे कबूल. क्लासला तेवढ्यावरच गर्दी आहे.

यूनुसभाईंनी शांतपणे पोहे संपवले. मग म्हणाले, “सर, तुम्ही पोरायला आख्खं फिजिक्स विकता का? ‘हमखास येणारे प्रश्न’ ते येगळं पुस्तक कुणाचं हाय?”

सर म्हणाले, परीक्षेचं वेगळं असतं. मी गॅस बंद आहे का बघायला आत गेले. बंदच होता. हसून बाहेर आले.

१३ जून
सर क्लासवर असताना यूनुसभाईंचा नांदेडहून फोन. कंपनीनं सगळी कॅसेट ऐकली. त्यांना एकच गाणं पाहिजे. साइड बी, चौथं.

“म्हणजे कोणतं?”
“भाभी, तुमचं.”

डाळ उतू गेली.

त्या गाण्याचं असं झालं होतं. हैदराबादची गायिका ठरवलेली, ऐन दिवशी तिचा घसा बसला. स्टुडिओ संध्याकाळपर्यंतच आपला. सर म्हणाले, तू नुसतं म्हणून ठेव, मागाहून चांगल्या गायिकेकडून घालून घेऊ. मी नुसतं म्हटलं. शेडमधली बाई पहाटे पत्र्याला हात लावून बघते, गार आहे की कोमट, म्हणजे उजाडलं का ते कळावं, एवढंच आहे गाण्यात. मागे काही वाजत नाही. कारण वाजवणारे दोघंही चहाला गेले होते. मागाहून कुणी आलं नाही. कॅसेटच्या कागदावर माझं नाव ‘सहगायन’ म्हणून. कुणासह ते लिहिलेलं नाही.

यूनुसभाई म्हणाले, सरांना इतक्यात नका सांगू.

१४ जून
सांगितलं. पोटात राहत नाही माझ्या.

सर म्हणाले, “बरं.” मग गच्चीवर टाकी बघायला गेले. टाकी दुपारीच भरली होती. बऱ्याच वेळानं खाली आले.

“त्यात गिटार नाही,” म्हणाले.
मी म्हटलं, नाही.

१७ जून
गोलाईच्या बाजारात भाजीला गेले. कांदेवाल्याच्या खिशातून माझा आवाज आला. मोबाइलची रिंग. मी दचकून मागे बघितलं, जसं काही मीच तिथं उभी आहे.

विचारलं, हे गाणं कुठून आणलं. म्हणाला, अहमदपूरला स्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे, तिथं मेमरी कार्डात गाणी भरून देतात, शंभर गाण्यांत हे एक आलं. “भजन हाय बहुतेक. लई शांत वाटतंय.”

गातंय कोण, मी विचारलं.

“असंल कुनी म्हातारी. आता तर मेली बी असंल.”

दोन किलो कांदे घेतले. जिवंत आहे हे सांगायचं राहून गेलं.

घरी येऊन यूनुसभाईंना फोन. बरेच आढेवेढे घेऊन कबूल झाले, की त्यांनी एका ओळखीच्याला ऐकायला दिलं होतं, त्यानं पुढे दिलं. म्हणजे आम्ही विकावं की नाही यावर भांडतोय आणि गाणं केव्हाच एस.टी.नं फिरायला लागलंय. सरांना सांगितलं. त्यांना गाणं फुकट गेल्याचं दुःख नाही. अर्धवट गेल्याचं आहे.

मला मात्र दिवसभर बरं वाटत होतं. हे इथं लिहायला हरकत नाही.

२१ जून, रविवार
सरांनी प्रयोग ठरवला. क्लासच्या हॉलमध्ये मेसच्या सगळ्या मुली, यूनुसभाईंचे स्पीकर (वडिलांपासूनचा लाउडस्पीकरचा धंदा, भूकंपाच्या वेळी छावणीतल्या सूचना ह्यांच्याच कर्ण्यातून व्हायच्या, तिथंच आमच्या तिघांची ओळख), आणि पूर्ण कॅसेट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मुली वह्या-पेनं घेऊन आल्या. टेस्ट आहे असं वाटलं त्यांना.

साइड ए. सरांची लांब गिटार सुरू झाली तशी पुढच्या रांगेत कानात बोटं गेली. किनवटच्या सविताने वही उघडून गणितं सोडवायला घेतली. भिंत पडायच्या बेतात असताना लाइट गेली. हॉलभर सुटकेचा श्वास. तो सरांनीही ऐकला. यूनुसभाईंनी जनरेटर चालू केला आणि भिंत पडली.

मग साइड बी. मग चौथं.

मी दाराशी उभी. इतक्या वर्षांत ही कॅसेट मी ओळीनं कधी ऐकलीच नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. एवढ्या धडधडीनंतर एकदम कुणीच वाजवत नाही आणि एक बाई पत्र्याला हात लावते. ती बाई मी आहे हे मला दोन ओळी कळलं नाही.

शिरूर अनंतपाळची रेखा, जी जेवताना भाजी पाहिजे एवढंही बोलत नाही, ती उठून म्हणाली, “काकू, हे माझ्या मोबाइलवर हाय. रोज लावते. पण आज त्या सगळ्या दणक्यानंतर ऐकलं तर आई आठवली. लई वर्षं शेडातच काढली तिनं.”

सरांचा चेहरा बोर्डात पहिलं आल्यासारखा.

मग सविताने हात वर केला. सर, ते पहिल्या बाजूचं मधलं जरा कमी करता येत नाही का?

चेहरा परत जागेवर.

मला दोघींचाही राग आला. सविताचा कमी. कांदेवाल्याकडे माझं गाणं एकटंच होतं आणि पुरेसं होतं. आज कळलं की त्याच्याआधी भिंत पडली तर ते जास्त चांगलं आहे. म्हणजे सर बरोबर. म्हणजे मी गिटारच्या जिवावर. हे सरांना सांगणार नाही.

२३ जून
यूनुसभाईंचा निरोप. कंपनी म्हणते, सगळी कॅसेटही चालेल, पण गाणाऱ्या बाईंचा होकार लागेल. सर म्हणतात सगळी. यूनुसभाई म्हणतात सुटं, लोक आधी एक घास चाखतील, आवडला तर ताट मागतील. एक इकडे, एक तिकडे. उरले मी.

मला या कॅसेटबद्दल आजवर कुणी काही विचारलेलं नाही. नाव काय ठेवायचं तेही नाही.

संध्याकाळी सरांनी चहा केला. आपण होऊन. साखर दुप्पट. मी सगळा प्यायले.

२४ जून
यूनुसभाई नानकटाई घेऊन आले. सहज आलो म्हणाले. नांदेडहून लातूरला सहज कुणी येत नाही. सर क्लास लवकर सोडून घरी आले, तेही सहज. दोघं बैठकीत बसले, पावसाबद्दल बोलले, माझी चाहूल लागली की थांबायचे.

एकदा यूनुसभाई हळूच म्हणाले, भाभी, आपण तिघं म्हातारे व्हायलो. टेपला बुरशी धरली होती, मी कापसानं पुसून पुसून वाचवली. कुणी तरी ऐकावं, मग आख्खं ऐकू दे का तुकडा ऐकू दे. मी बशीतली आणखी एक उचलली. नानकटाई चांगली होती.

२५ जून
कंपनीतल्या मुलीचा फोन आला, सरळ मला. आवाज गोड. म्हणाली, मॅडम, तुमचं काय म्हणणं आहे, एकच की पूर्ण अल्बम? तुम्ही म्हणाल तसं करू. मग म्हणाली, तिच्या आईला ते गाणं फार आवडतं.

मी म्हटलं, उद्या सांगते, कणीक भिजवलीय.

फोन ठेवला तर सर स्वयंपाकघराच्या दारात. बाहीला खडू. किती वेळ उभे होते कोण जाणे. मला वाटलं, आता भिंत आणि पत्रा परत सुरू होणार.

“अगं, एक विचारू? ते गिटारचं… लांब झालंय का?”

कॅसेट काढल्यापासून आजतागायत हा प्रश्न नव्हता.

“जरा,” मी म्हटलं.

मुलींची दुसरी पंगत येऊन बसली. मी ताटं वाढायला घेतली. सरांनी कधी नाही ते तांब्या उचलला आणि पेल्यांत पाणी ओतत ओतत माझ्या मागून चालत राहिले. सविताच्या ताटापाशी आल्यावर तिला खालच्या आवाजात म्हणाले,

“जरा म्हणजे किती?”