हनुवटी वर

३ ऑक्टोबर, दिंडोली
डॉ.कडे जाऊन आलो. घशाच्या ऑपरेशनची जखम छान भरली म्हणे. आवाजाचं काय, असं पाटीवर लिहून दाखवलं, तर ‘बघू या’. कधीपर्यंत बघायचं, ते काही सांगितलं नाही. रिक्षात शालू म्हणाली, “जन्मभर तुम्ही बोललात, मी ऐकलं. आता फिट्टंफाट.” बायकोला असले विनोद सुचतात. हसलो. हसण्यालाही आवाज नाही, नुसती हवा.

५ ऑक्टो.
उधन्याहून मार्थाबाईंचा फोन, शालूच्या मोबाइलवर. हंगामाच्या सणाला (नवं पीक वेदीपुढे आणतात तो) यावं, उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद मीच द्यावा, असा पौलसदादांचा हट्ट. दादा म्हणजे त्यांचे यजमान, माझ्या पहिल्या मंडळीतले ज्येष्ठ. शालूने ऑपरेशनचं सांगितलं. “मंग काय झायं?” म्हणाल्या म्हणे.
काय झालं! पाळकाचा घसा गेला आणि म्हणे काय झालं. पाटीवर मोठ्ठं ‘नाही’ लिहिलं आणि शालूसमोर ठेवली.

६ ऑक्टो.
सकाळपासून उधनाच डोक्यात. तेव्हा नुकती दीक्षा झालेली, अंगात नवाकोरा पांढरा झगा, बाकी अनुभव शून्य. चर्च म्हणजे एका रिकाम्या गोदामात सतरंज्या. मंडळी बहुतेक खानदेशची, लूमवर काम करणारी. रातपाळीवाले खात्यातून (लूमच्या शेडला इथे खातं म्हणतात) थेट उपासनेला, केसांत धागे तसेच.
पहिल्याच रविवारी “प्रार्थना करू या” म्हणून मान खाली घातली, डोळे मिटले. मध्येच एक डोळा किलकिला केला, तर अख्खी मंडळी टक लावून माझ्याकडे बघतेय. एकाचाही डोळा मिटलेला नाही. कुठे येऊन पडलो बाबा, असं वाटलं.
नंतर दादांनी समजावलं. लूमच्या खडखडाटात कित्येकांचे कान गेलेले. खात्यात बोलायचं ते ओठांवरून, मग घरीही तेच नि चर्चमध्येही. “तुम्ही खाले दखतस, मंग आमले कसं समजी?”
पुढच्या रविवारपासून ते पहिल्या रांगेत. माझी मान खाली गेली की स्वतःच्या हनुवटीखाली बोट लावून ती वर उचलायचे. शब्द नाही, कपाळाला आठी नाही. मी लगेच सरळ.
नंतर जिथे जिथे बदली झाली, तिथे लोक म्हणायचे, साहेबांचा शब्द न् शब्द कळतो. ती कमाई उधन्याची. दादांइतका चांगला गुरू मला सेमिनरीतही मिळाला नाही.

९ ऑक्टो.
दादा स्वतः आले. काठी टेकत, मार्थाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून. सलाम झाला. मी पाटी उचलली, तर त्यांनी ती हातातून काढून उलटी ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले.
सवयीने बोललो, नुसत्या ओठांनी. येणार नाही. लोकांपुढे मुका उभा राहू?
“मुका कसाले? आते बोलनात ना,” म्हणाले.
कळलं त्यांना! ऑपरेशननंतर पहिल्यांदा कुणाला पाटीशिवाय कळलं. मग थांबलोच नाही. घाबरलोय म्हणालो. आवाज परत आला नाही तर मी पाळक कसला, म्हणालो. शालूला न सांगितलेलं सगळं सांगितलं. ती चहाचा ट्रे धरून दारात उभी, तिला एक अक्षर कळत नव्हतं.
दादा उठताना म्हणाले, “साहेब, आमले तुमना आवाज कवय आयकू येत व्हता? तोंड दखायनं म्हंजे झायं.”

१२ ऑक्टो., रविवार
गेलो. आता पक्कं चर्च, पंखे, माइक. वेदीपुढे गावाहून आलेली बाजरी, केळीचा घड, भरिताची वांगी. तरुण पाळकांचा उपदेश अर्धा हिंदीत. चांगला बोलतो मुलगा, हनुवटी जरा खाली.
माझी पाळी आली. माइक बाजूला सारला. पहिल्या दोन रांगांतले म्हातारे-म्हाताऱ्या सावरून बसल्या, सगळ्यांचे डोळे उघडे. नुसत्या ओठांनी आशीर्वाद सुरू केला. मधेच मान खाली गेलीच. दादांचं बोट हनुवटीखाली.
शेवटचा शब्द झाला आणि “आमेन” आला. बहिऱ्या माणसांचा, खणखणीत, अगदी जिथे यायला हवा तिथे. मागच्या रांगांतली पोरं एकमेकांकडे बघत राहिली. एक मुलगी मार्थाबाईंना विचारत होती, “अंकल क्या बोले?” बाई तिला पहिल्यापासून सांगत बसल्या.
निघताना दादा म्हणाले, “नाताळले बी येज्यात.” मी नुसता हात हातात धरला.
येताना शालू रिक्षात रडत होती.

१३ ऑक्टो.
डॉ.ची तारीख पुढच्या आठवड्यात. नाताळचं अजून ठरवलेलं नाही.
दुपारी शालू खुर्ची ओढून समोर बसली. पाटी कपाटावर ठेवून आली होती. म्हणाली, “बोला. दादांना सांगितलंत ते सगळं.”
पहिलं वाक्य तिला कळलं नाही. दुसरंही नाही. मी बघत होतो माझ्या पायांकडे.
वर पाहिलं, तर तिने स्वतःच्या हनुवटीखाली बोट धरलं होतं.