चाच्यांच्या सिनेमाचं दुसरं परीक्षण

गावाहून,
ता. १८ एप्रिल २०१६

प्रिय जालिंदर,

सप्रेम जय भीम. तू आणि घरची मंडळी खुशाल असाल. इकडे आम्ही ठीक. ठीक म्हणजे टँकर एक दिवसाआड येतो, विहिरीत रिकामा होतो आणि मग ज्याचा दोर आधी पडेल त्याला पाणी. धनेगावच्या धरणात पोरं क्रिकेट खेळतात. शाळेला सुट्टी लागली, पण दुष्काळ म्हणून मुलांचा दुपारचा भात चालू आहे, त्यामुळे आम्हा मास्तरांना सुट्टी नाही.

नऊ वर्षांनी लिहितोय. फोन लावला तर तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मी काय बोलू, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या आईकडून, जाईमावशीकडून घेतला. मावशी आता मला 'सर' म्हणते. मी नको म्हटलं तरी म्हणते.

कामाचं लिहितो. आमच्या आबांना जूनमध्ये पंचाहत्तर पूर्ण होतात. साखर कारखान्याचे वीस वर्षं संचालक, सोसायटीचे संस्थापक, शाळेचे अध्यक्ष, तेव्हा अमृतमहोत्सव होणारच. गौरव अंक निघतोय. मी मराठीचा मास्तर, त्यांचा मुलगा आणि त्यांच्याच शाळेतला नोकर, म्हणून संपादक मीच. समितीला 'आपल्या गावचे सिनेमा दिग्दर्शक' म्हणून तुझा शुभेच्छा संदेश हवाय, फोटोसह. अंकात एक प्रकरण सत्याऐंशीच्या दुष्काळाचं आहे. आबांनी तेव्हा आपली विहीर साऱ्या गावाला खुली केली होती, त्याचं. त्यावर तू दोन शब्द लिहिलेस तर समितीला फार बरं वाटेल. चार ओळी पुरे.

तुझा तो समुद्री चाच्यांचा सिनेमा परवा थोरलीने मोबाईलवर पाठवला. ती अंबाजोगाईला नर्सिंगला आहे, हॉस्टेलवर पोरी बघतात म्हणे. "पप्पा, तुम्ही याला एवढं का झोडलं होतं?" असं विचारत होती. मी पुन्हा बघितला. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

सौ. सत्यभामा तुझी आठवण काढते. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
गहिनीनाथ


ता. ४ मे २०१६

जालिंदर,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ: 'संदेश देतो, आधी माझ्या सिनेमाचं परीक्षण पुन्हा लिही.' मास्तरलाच गृहपाठ दिलास. चार कागद फाडले, हा पाचवा.

आधी जुनं परीक्षण. २००७ साली अंबाजोगाईच्या साप्ताहिकात मी लिहिलं होतं, 'जहाज लुटलं चाच्यांनी, प्रेक्षक लुटला दिग्दर्शकाने.' हे वाक्य लोकांनी पाठ केलं आणि मी महिनाभर छाती फुगवून फिरलो. मुंबईच्या पेपरांनीही तुला सोडलं नव्हतं, पण ते परके. त्यांची तक्रार साधी होती. पोस्टरवर बंदुका आणि स्फोट, पहिला तासभर बोटींचा पाठलाग, आणि एकदा जहाज चाच्यांच्या ताब्यात आलं की चाचे आणि खलाशी भर समुद्रात नुसते बसून राहतात. थरार बघायला तिकीट काढलेल्या माणसाला राग येणारच.

माझा राग त्या बसण्यावरच होता. जहाजावर गोड्या पाण्याच्या पंपाशी एक चाचा राखणीला असतो. खलाशी भांडी घेऊन येतात, तो म्हणतो, पंप बिघडलाय. ते बसून राहतात. रात्री तोच पंप चालू झाल्याचा आवाज जहाजाच्या पोटात सगळ्यांना ऐकू येतो, तरी सकाळी ते पुन्हा येऊन बसतात. मी विचारलं होतं, या खलाशांना कान नाहीत का? त्यातला म्हातारा तरण्या खलाशाला सांगतो, 'आपण त्याला खोटा म्हणालो तर त्याला बंदूक उचलावी लागेल.' या वाक्याला मी कागदी संवाद म्हणालो होतो. जिवंत माणसं असं बोलत नाहीत म्हणे. चाच्यांचा म्होरक्या शेवटपर्यंत दिसतच नाही, मग पाणी तोडायचा हुकूम देतो कोण, पटकथेला भोक पडलंय, असंही ठोकून दिलं होतं.

खरं सांगू? पडद्यावर मी बसलेलो होतो, चाच्याचे कपडे घालून. म्हणून झोडला तुझा सिनेमा.

तुला सगळं माहीत आहे, तरी परीक्षणात संदर्भ द्यावा लागतो म्हणून लिहितो. सत्याऐंशीला तहसीलने आमची विहीर ताब्यात घेतली. रोज सकाळी दोन तास मोटार चालवून हौद भरायचा आणि गावाने पाणी न्यायचं, असा हुकूम होता. मोटारीवर मी होतो, बारावीची परीक्षा देऊन रिकामा. आधी वरच्या आळीच्या बायका यायच्या, तुमच्या भीमनगरची पाळी शेवटी. ती आली की मी स्टार्टरच्या पेटीतला फ्यूज काढून खिशात घालायचो आणि म्हणायचो, "लाइट न्हाई." तुमच्या बायका हौदाला टेकून उन्हात बसायच्या, मग कोसभर लांब नदीतल्या झिऱ्यावर जायच्या. अंधार पडल्यावर तीच मोटार आमच्या उसाला चालायची. पुढच्या हंगामासाठी बेणं जगवायचं होतं, आणि संचालकाच्याच रानात ऊस नसला तर सभासद हसले असते. आबांनी मला तसं सांगितलं होतं. बापापुढे मी काय करणार होतो?

एक दिवस मावशीला ताप होता म्हणून घागर घेऊन तू आलास. आपण केजच्या कॉलेजात एका बाकावर बसणारे. मी तुझ्या तोंडावर म्हणालो, "लाइट न्हाई बे." तू "बरं" म्हणालास आणि माझ्या शेजारी येऊन बसलास. दोन तास आपण सिनेमाच्या गप्पा मारल्या. तू समुद्रावरची एक गोष्ट रचत होतास, आणि समुद्र आपल्यापैकी कुणीच बघितलेला नव्हता. फ्यूज माझ्या मांडीला टोचत होता. सिनेमात त्या दोन तासांची वीस मिनिटं आहेत, चाचा आणि तरणा खलाशी पंपाशेजारी बसून बोलत राहतात. मी त्यांना टपरीवरच्या गप्पा म्हटलं होतं.

परवा मावशी टँकरच्या रांगेत भेटली. मी धीर करून विचारलं, "मावशी, त्या साली मी लाइट न्हाई म्हणायचो, तुमाला खरं वाटायचं का?"

ती हसली. "गावातली लाइटीवरची पिठाची गिरन चालू असायची की सर. हौदापस्तोर ऐकू यायची."

"मग कावून बोलला न्हाईत?"

"बोललो असतो तर तू खोटा पडला असतास. मग तुला आमच्या घागरी फोडाव्या लागल्या असत्या. गप बसलं तर निदान बसू तरी देत व्हतास." बोलता बोलता तिच्या तोंडून 'सर' निघून गेलं. मी ज्याला कागदी म्हणालो होतो ते वाक्य असं घागर हातात धरून ती मला सांगत होती.

तर परीक्षण. पाठलाग आजही लांबलेला वाटतो, संगीत डोकं उठवतं आणि कॅप्टनची दाढी लांबूनही खोटी दिसते. पण जहाज थांबतं तिथून तुझा सिनेमा खरा होतो. बंदूकवाला आणि तहानलेला, दोघेही एकाच खोट्यात अडकलेत, दोघांनाही ते ठाऊक आहे, आणि उतरून जायला कुणालाच जमीन नाही. एवढी भीती मला कुठल्या स्फोटाची वाटली नाही. सिनेमा चांगला आहे, जालिंदर. नऊ वर्षांपूर्वीही होता.

इथे माझी नोकरी आबांची, घर आबांचं, अंक आबांचा. येत्या रविवारी विहिरीवर फोटो काढायचाय: आबा पाणी ओततात आणि मावशी घागरीत घेते. समितीने तिला नवं लुगडं दिलंय. सत्याऐंशीच्या प्रकरणाची पानं माझ्यासमोर कोरी पडलीत. ती भरली तर मावशी पुन्हा एकदा हौदावर बसली, आणि नाही भरली तर मी घरातून उठलो. काय करावं ते सुचत नाही.

गहिनीनाथ


ता. ९ मे २०१६

जालिंदर,

मागच्या पत्रातही मी एक खोटं लिहिलं. तुझ्या ते लक्षात आलंच असेल.

काल फोटो होता. आबांना खुर्चीसकट विहिरीवर नेलं. समितीचे चार लोक, फोटोग्राफर आणि नव्या लुगड्यातली मावशी. फोटोग्राफर तिला म्हणाला, "जरा वाका मावशी. अजून खाली. आता आबांकडं बघून हासा." तिचे गुडघे दुखतात. तरी ती वाकली, आणि हसलीसुद्धा. मला ते बघवेना.

मी "थांबा" म्हणालो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्या साली लाइट होती, फ्यूज मी काढायचो, भीमनगरला या विहिरीचं पाणी मिळालं नाही. सगळे आबांकडे बघायला लागले, तेव्हा मी वर जोडलं, "आबांनी सांगितलं म्हणून."

आबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "फ्यूज काढ म्हणून मी कवा सांगितलं रे तुला?"

नव्हतं सांगितलं. "ऊस वाळू देऊ नको," एवढंच ते म्हणाले होते. बाकीचं मी माझ्या डोक्याने केलं, त्यांनी शाबास म्हणावं म्हणून. आणि तुला हे पहिल्यापासून माहीत आहे. आपण त्या दिवशी गप्पा मारत असताना आबा सायकलवरून आले होते. "मोटार कावून बंद हाय?" त्यांनी विचारलं. मी त्यांनाही म्हणालो, "लाइट न्हाई." त्यांनी पेटीकडे बघितलं, रिकाम्या घागरींकडे बघितलं आणि पेटी न उघडताच निघून गेले. त्यांनाही कळलं असणार, तो हिशेब त्यांचा त्यांच्यापाशी. पण हुकूम कुणाचा नव्हता. तुझ्या सिनेमात म्होरक्या दिसत नाही, कारण तसा कुणी नव्हताच, आणि हे मला समजायला आबांनी सगळ्यांदेखत विचारावं लागलं.

"न्हाई आबा, तुमी न्हाई सांगितलं," मी म्हणालो. मावशीने घागर उचलली, "मी जाते, घरी काम पडलंय," म्हणाली आणि गेली. फोटो झाला नाही. आबा कालपासून माझ्याशी बोललेले नाहीत. अंकाला दुसरा संपादक बघतायत, शाळेचं काय ते जूनमध्ये कळेल. सत्यभामा घाबरलीय. मीही घाबरलोय.

नवं परीक्षण साप्ताहिकाला पाठवलं, विहिरीसकट, या पत्रातल्या दुरुस्तीसकट. छापतील असं नाही, म्हणून एक प्रत सोबत तुला.

संदेश पाठवू नकोस. मला माफ केलं असंही लिहू नकोस, निदान इतक्यात नको. माझ्या खोट्याला तू 'बरं' म्हणालास आणि शेजारी बसलास, कारण तुला दुसरं काही करता येत नव्हतं. आता येतं. तेव्हा जे गिळलंस ते सगळं लिही, कितीही पानं होऊ देत, शिव्या असल्या तरी चालतील. मी ते शेवटपर्यंत वाचीन.

तुझ्या रागाची वाट बघणारा,
गहिनी